सहा लिटरची बॅग

पाठीवर टाकायची एक बॅग घ्यायची, त्यात एवढं काय मोठं, असं कुणालाही वाटेल. दुकानात जावं, दोन-चार लावून बघाव्यात, बरी वाटली ती उचलावी आणि घरी यावं. पण कुडाळला भाईच्या सायकलच्या दुकानात ब्लेझ फर्नांडिस सकाळी दहाला शिरला, तो साडेअकरा वाजले तरी गडी आपला बॅगांसमोर उभाच. भाई एक काढी, हा मान हलवी. भाई दुसरी काढी, हा परत मान हलवी. शेवटी सात बॅगा टेबलावर पडल्या आणि भाईच्या कपाळावर आठ्या.

बरं, हा काही नवशिका नव्हे. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या. तारकर्लीच्या रस्त्यावर स्वतःचं सायकलदुरुस्तीचं दुकान. दर रविवारी पंधरा-वीस माणसांना जाड टायरच्या सायकलींवर बसवून कातळाच्या सड्यावरून, काजूच्या बागांतून, ओढ्या-व्हाळांतून फिरवून आणणारा म्होरक्या. अशा फेरीला कसली बॅग लागते हे खरं तर त्याने भाईला शिकवायचं. पण गेलं वर्षभर फेऱ्या बंद होत्या, आणि उद्याच्या रविवारी त्या परत सुरू व्हायच्या होत्या.

"ही बघ, बावीस लिटर," भाई म्हणाला. "पाठीक जाळी आसा, घाम धरूची नाय. छातीर पट्टो, कमरेक पट्टो, कितीय उतार असो, हलाची नाय. पाण्याची पिशवी आत, नळी खांद्यावरसून तोंडाकडे. वरसून पावसाचा कव्हर. म्होरक्याक हीच होयी."

"लहान दाखव," ब्लेझ म्हणाला.

"ही पंधरा."

"ह्याच्यापेक्षा लहान."

त्याची धाकटी बहीण व्हेनेसा इतका वेळ स्टुलावर बसून होती. मालवणला शाळेत गणित शिकवते ती, आणि फेरीतही असते. मुलांचं चुकलेलं उत्तर बघून बघून तिचा चेहराच तसा झालाय. ती स्टुलावरून उठली आणि बोटांवर मोजायला लागली. "दोन ट्यूब. पंक्चरचा सामान. चेन जोडूची कडी. पट्टे, मलम, बँडेज. मिठासाखरेच्या पुड्यो. कोण पडलो तर झोळी करूक चादर. रे ब्लेझा, वीस माणसांक घेवन जातलंस, आणि ह्या सगळा काय डोक्यार बांधतलंस?"

"ता तू घे. वेगळ्या बॅगेत. आणि तू शेवटाक रव."

"आणि तू?"

ब्लेझने टेबलाच्या कोपऱ्यातली एक बारकीशी करडी बॅग उचलली. सहा लिटरची. ज्यांना एकट्याने घटकाभर फिरून यायचं त्यांच्यासाठीची. दोन बाटल्या आणि एक टॉवेल ठेवला की संपली.

"माझ्या बॅगेत माझाच सामान," तो म्हणाला. "जेचा तेणी व्हरूचा."

हे ऐकून व्हेनेसा त्याच्याकडे बघतच राहिली. कारण ज्याचं त्याने न्यायचं, असं बोलणारा माणूस ब्लेझ होता.

त्याची जुनी बॅग अख्ख्या मालवणात ठाऊक होती. हिरवी, पस्तीस लिटरची, एक पट्टा तुटला तेव्हा त्याच्या बायकोने, डोरथीने, जाड दोऱ्याने शिवून दिलेली. फेरी सुटायच्या आधी ब्लेझ सायकलवर बसून प्रत्येकाच्या खिशाकडे बघायचा आणि आण इकडे म्हणून हात पुढे करून म्हणायचा, "हाड हंय. कशाक बोजो घेवन चढतंस?" लोकांना काय, आयतंच हवं असतं. मोबाइल, चाव्या, पोळीभाजीचे डबे, कुणाचं स्वेटर, कुणाच्या बीपीच्या गोळ्या, सगळं ब्लेझच्या पाठीवर. बारा-बारा किलो घेऊन हा सगळ्यांच्या पुढे चढ चढायचा आणि वर पोचून मागच्यांना चिडवायचा, "काय रे मेल्यांनो, हात हलवत येतास, तरी दम लागलो?" त्याला त्याचा गर्व होता. चांगुलपणाचासुद्धा गर्व असतो माणसाला, आणि तो कुणाला खटकत नाही म्हणून जास्तच वाढतो.

"ब्लेझाच्या बॅगेत अख्खो गाव मावता," असं दत्तप्रसाद म्हणायचा.

दत्तप्रसाद हा दाजी आणि राधाबाईंचा एकुलता झील. एकोणतीस वर्षांचा, कुडाळला बियाण्यांच्या दुकानात कामाला. लहानपणापासून दमा. पण सायकलवर बसला की पोरगा वेगळाच, दमा आहे हे सांगूनही कुणाला पटायचं नाही. फेरीत तो नेहमी शेवटी असायचा. मागे पडायचा म्हणून नव्हे, मागे पडणाऱ्यांना सांभाळायचा म्हणून. पुढे ब्लेझ, मागे दत्ता, अशी पाच वर्षं चाललेली जोडी. ब्लेझला भाऊ नव्हता. आई तर तो विशीत असतानाच गेलेली. दत्ताच्या घरी जाऊन जाऊन तो राधाबाईंना कधी आये म्हणायला लागला, ते त्यालाही आठवत नव्हतं.

गेल्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या रविवारी दत्ताने आपला इनहेलर खिशातून काढला. राधाबाई त्याला पंप म्हणायच्या, म्हणून तोही पंपच म्हणायचा. चढाच्या पायथ्याशी तो म्हणाला, "ह्यो पंप खिशात टोचता रे, मांडयेक लागता."

"हाड हंय," ब्लेझ म्हणाला.

"नवो आसा हां, जपून ठेव. आवशीक शुक्रवारी हाडूक सांगललंय, ती जत्रेच्या गडबडीत विसारली. काल मीच कुडाळात घेतलंय. तिका सांग नको, विसारलंय म्हणान जीवाक लावन घेतली ती."

ब्लेझने पंप घेतला, बॅगेच्या वरच्या कप्प्यात टाकला, चेन ओढली आणि सायकल पुढे काढली. एवढंच झालं. त्यात कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं.

मागे सृष्टी नावाच्या नव्या मुलीची चेन तुटली. दत्ता तिच्याबरोबर थांबला. पुढचे सगळे तीन किलोमीटर वर, सड्यावरच्या वडाखाली. खालच्या मळ्यांत शेतकऱ्यांनी भाजावळ लावलेली होती. पेरणीआधी तरव्याच्या जागेवर पालापाचोळा जाळतात ती. ते दिवसच तिचे. वारा फिरला आणि सगळा धूर त्या दोघांच्या खळग्यात उतरला. दत्ताला खोकला लागला. मग श्वास लागला. सृष्टीला काय करावं कळेना. मोबाइलला रेंज नाही, म्हणून ती पोर रेंज शोधत रस्त्याकडे धावली. तिचा फोन लागला तेव्हा ब्लेझ वडाखाली लोकांना डबे वाटत होता.

"दत्ताक श्वास घेवक जमणा नाय," एवढंच ती म्हणाली, आणि ब्लेझचा हात आपोआप पाठीवर गेला.

तो तीन किलोमीटर कसा उतरला ते त्याला आजही सांगता येणार नाही. दत्ता दगडी गडग्याला टेकून बसला होता. डोळे उघडे. ब्लेझने पंप त्याच्या तोंडाला लावून दाबला. परत दाबला. सहा वेळा दाबला. फुस्स करून औषध नीट येत होतं, आणि ते आत ओढून घेणारं कुणी नव्हतं.

सृष्टी अजून रस्त्यावर गाडी थांबवत होती. तिथे दुसरं कुणीच नव्हतं. आणि तेव्हा ब्लेझने तो पंप दत्ताच्या मुठीत ठेवला आणि त्याची बोटं त्यावर मिटवली.

का ठेवला? विचारा त्याला, तोही सांगू शकत नाही. शिरा पडो त्या घडीवर! माणूस घाबरतो तेव्हा त्याचे हात आधी काम करून मोकळे होतात. गाडी आली, माणसं आली, सगळ्यांनी बघितलं की औषध पोराच्या हातात होतं. डॉक्टर म्हणाले, झटका फार मोठा असला की कधीकधी औषध लागू पडत नाही. लोकांनी मान डोलावली. ब्लेझ काही बोलला नाही. एक दिवस बोलला नाही, दोन दिवस बोलला नाही, आणि मग बोलायची वेळच निघून गेल्यासारखी झाली.

पण राधाबाईंना ठाऊक होतं की त्या पंप आणायला विसरल्या होत्या. म्हणजे पोराच्या हातात होता तो जुना, संपलेला. असा त्यांचा हिशेब, आणि तो बरोबर नाही हे सांगू शकणारा माणूस जगात एकच होता. बाराव्या दिवशी भरल्या घरात दाजी बायकोला म्हणाले, "एक पंप हाडूक सांगललो झिलान, तो होवक नाय तुका?" इस्पितळातून मिळालेला पंप त्यांनी आधीच खाडीत भिरकावला होता, बघायलाही काही उरलं नव्हतं. त्या दिवसापासून नवराबायकोचं बोलणं जेवण वाढलंय आणि गुरं बांधली, एवढ्यावर आलं.

ब्लेझ दर महिन्याला जायचा. चार बांगडे घेऊन जायचा, ओटीवर बसायचा. राधाबाई पानात भात वाढता वाढता म्हणायच्या, "माझ्या हातान घालवलंय रे झिलाक." आणि ब्लेझ म्हणायचा, "नाय गो आये. तुझी चूक नाय." म्हणायचा, आणि जेवायचा.

फेऱ्या त्याने बंदच केल्या. हिरवी बॅग माळ्यावर टाकली. लोकांनी पुष्कळ सांगून बघितलं, डोरथी भांडली, व्हेनेसाने अबोला धरून बघितला. हा कुणाला बधला नाही. बधला तो गेल्या आठवड्यात, राधाबाईंचा निरोप आला तेव्हा. "वर्स झाला. ब्लेझाक सांग, पोरांका परत घेवन जा म्हणान. आणि जावच्या आधी माका भेट."

म्हणून ही बॅग. भाईने शेवटी हात टेकले आणि सहा लिटरची करडी बॅग बांधून दिली. मोठी व्हेनेसाने घेतली. ती एसटीने मालवणला गेली आणि ब्लेझ नवी बॅग पाठीवर टाकून, स्कूटरने, मसुऱ्याच्या अलीकडे दत्ताच्या घराकडे वळला. दुपारचे दोन वाजले होते.

राधाबाई खळ्यात मांडवाखाली बसून काजूच्या बिया निवडत होत्या. त्याला बघून त्यांनी हात पदराला पुसले, तांब्या आणि गुळाचा खडा आणून ठेवला.

"दाजी खंय?" ब्लेझने विचारलं.

"बागेत. येतले आता." त्यांचं लक्ष बॅगेकडे गेलं. "ह्या काय रे? नवी घेतलंस?"

"होय."

"बघू." त्यांनी बॅग हातात घेतली, चेन उघडली, आत हात घातला, तो लगेच तळाला लागला. त्यांना हसू आलं. वर्षभरात ब्लेझने त्यांना हसताना बघितलं नव्हतं. "ह्यात काय मावतला, माझा कपाळ? येवढ्या माणसांक नेतलंस आणि ही पिशवी? आमचो दत्तो म्हणा..." आणि त्यांनी बॅग खाली ठेवली.

ब्लेझ गुळाचा खडा हातात धरून बसला. त्याला वाटलं, आता उठावं आणि जावं.

"थांब हां," म्हणत राधाबाई आत गेल्या. डबा उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात रुमालात बांधलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते त्याच्या मांडीवर ठेवलं आणि गाठ सोडली. आत कोरा करकरीत इनहेलर होता, खोक्यासकट.

"परवा मालवणात जावन हाडलंय," त्या म्हणाल्या. "मेडिकलवाल्याक तीन वेळा विचारलंय, चालू आसा मां, भरललो आसा मां. तारीख बघून घेतलंय. ह्यो तुझ्या बॅगेत ठेव. तुझ्यासारख्याकडे असलेलो बरो. कोणाच्याय झिलाक, चेडवाक लागात कधी. माझ्या झिलाक मी देवक नाय, आता दुसऱ्याचा तरी वाचांदे."

ब्लेझने पंपाकडे बघितलं. राधाबाईंनी स्वतःच तो उचलला, सहा लिटरच्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात घातला आणि चेन ओढली.

"काढ तो," ब्लेझ म्हणाला.

"कशाक?"

"आये, काढ तो. माझ्या बॅगेत घाल नको."

"अरे पण..."

"असोच होतो." तो बोलायला लागला आणि मग थांबता येईना. "असोच माझ्या बॅगेत होतो त्या दिवशी. दत्तान माझ्याकडे दिल्यान, खिशात टोचता म्हणान. मीच मागलंय. हाड हंय म्हटलंय. मी वर गेलंय, तो खाली रवलो. मी येवन पोचलंय तेव्हा तो गेललो. त्याच्या मुठीत पंप मी ठेवलंय, आये. मी. कोणी बघूक नाय."

राधाबाई बियांच्या ढिगाकडे बघत होत्या. मांडवातून पडलेलं ऊन त्यांच्या पायावर आलं होतं, तरी त्यांनी पाय ओढून घेतला नाही.

"जुनो होतो तो?" त्यांनी विचारलं.

"नाय. नवो. आदल्या दिवशी तेणीच कुडाळात घेतल्यान. तुका सांगूक नको म्हणालो. तू विसारलंस म्हणान जीवाक लावन घेशीत, म्हणालो."

एवढं ऐकल्यावर त्यांच्या तोंडातून एक आवाज निघाला. रडण्याचा म्हणावा तर नव्हे. पाणी ओढताना कळशी कठड्याला आपटली की जो निघतो तसा, एकदाच. मग त्या सरळ बसल्या.

"तेणी माका सांभाळल्यान," त्या म्हणाल्या. "आणि तू?"

ब्लेझने हातातला गुळाचा खडा तांब्याशेजारी ठेवला.

"त्याच्या हातात ठेवलंस ता एक वेळ समाजतंय मी. घाबारलंस. माणूस आसस. पण हंय येवन बसी होतंस तू. ह्या ओटयेर. माझ्या हातचा जेवी होतंस. मी म्हणी होतंय, मी मारलंय झिलाक, आणि तू म्हणी होतंस, आये, तुझी चूक नाय. बारा महिने म्हटलंस. मगे कोणाची ता सांगूक तुझी जीभ वळूक नाय? मी रोज सकाळी उठान त्याच्या फोटोसमोर उभी रवूक भियतंय रे. माझ्याच घरात. तुका ता दिसा नाय होता?"

"दिसा होता," ब्लेझ म्हणाला. खोटं बोलायचं आता त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं.

"आणि तरी जेवलंस."

ब्लेझच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं ते त्याने पुसलंही नाही. त्याला वाटलं होतं, एकदा सांगितलं की छाती मोकळी होईल. कसली मोकळी! समोर जी बाई बसली होती, तिला तो आये म्हणायचा, आणि आता तो शब्द तोंडात आणायची त्याची हिंमत नव्हती.

"मी जातंय," तो उठत म्हणाला. "उद्या मी जावचंय नाय. व्हेनेसाक सांगतंय, ती नेतली पोरांका."

"माका पोरांचा काय सांगतंस? ने, नको नेव, तुझा तू बघ." राधाबाई म्हणाल्या. "पण ह्या घराक आता परत पाय लाव नको, ब्लेझ." नेहमीसारखं ब्लेझा नाही म्हणाल्या, ब्लेझ म्हणाल्या.

त्याने बॅग उचलली. चेन उघडून इनहेलर बाहेर काढला, रुमालात गुंडाळून ओटीच्या कडेला ठेवला आणि पायात चपला सरकवल्या.

तेवढ्यात कुंपणाचं बेडं वाजलं. दाजी डोक्यावर काजूबोंडांची टोपली घेऊन आत आले. सत्तरीचा वाळलेला माणूस, गुडघ्यापर्यंत मातीने भरलेला. ब्लेझला बघून त्यांचा चेहरा उजळला. टोपली उतरवून ते म्हणाले, "अरे, कधी इलंस? चललंस खंय? बस. फणसाची भाजी आसा, दोन घास खावन जा." राधाबाईंना मात्र ते काहीच बोलले नाहीत. त्यांच्याकडे बघितलंदेखील नाही, आणि वर्षभराची सवय असल्यासारख्या त्याही बाजूला सरकून उभ्या राहिल्या.

"नको दाजीनू, निघतंय," ब्लेझ पुटपुटला आणि बेड्याकडे वळला.

"थांब," राधाबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज इतका मोठा आला की दाजींनीही वळून बघितलं. राधाबाई ब्लेझच्या जवळ आल्या आणि हळू, पण एकेक शब्द तोडून बोलल्या. "असो जाव नको. आधी तेंका सांग. माका सांगलंस तसाच, सगळा. मी सांगलंय तर तेंका वाटात, ही बाय आपली चूक झाकूक दुसऱ्यार ढकलता. माझा ते मानूचे नाय आता. तू सांग, आणि मगे जा."

एवढं बोलून त्या आत गेल्या नाहीत. ओटीच्या खांबाला धरून, नवऱ्यासमोर मान वर करून उभ्या राहिल्या.

"काय रे, काय सांगूचा आसा?" दाजींनी विचारलं आणि खांद्यावरच्या पंच्याने हात पुसत ते पायरीवर बसले.

ब्लेझने चपला काढल्या आणि दाजींच्या समोर जमिनीवर बसला.

"दाजीनू," तो म्हणाला, "आयेन दत्ताक मारूक नाय."